पुराचं भात

दिवाळीचे दिवे विझले तशी चंद्रा नदीकाठच्या डाबरीत उतरली आणि होळीपर्यंत पाणकणीस उपटत राहिली. पाणकणसाची पात तलवारीसारखी, वर तपकिरी कणीस, आणि खाली चिखलात मुळांची अशी गुंतवळ की एक ताट उपटावं तर शेजारची चार हसतात. सकाळी उठून जावं, दुपारपर्यंत उपटावं, काठावर ढीग रचावा, आणि पंधरा दिवसांनी बघावं तर मोकळ्या केलेल्या जागेत पुन्हा हिरवे कोंब. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पाडा हसायचा. तिचा नवरा माघ्या तर ओट्यावर बिडी ओढत म्हणायचा, "जगनची आयस नदीचं काम करते, पगार मात्र कोणी देत नाय."

हसण्यावारी नेलं तरी माघ्या नकळत बोलला ते खरंच होतं. आधी हे काम नदीच करायची. नदीचं काम बंद पाडलं ते चंद्रानं, आपल्या हातानं, नारळ फोडून. हे तिला तेव्हा कळलं नव्हतं, तरी तिला घरात बसवत नव्हतं आणि रानात रमवत नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई, पण बघावं तेव्हा पायाला भिंगरी.

पोशेरा गावाच्या खालच्या अंगाला, चंद्राच्या पाड्याशी वाघ नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात दोन-तीन एकरांची सखल जागा आहे, तिला पाड्यावर डाबर म्हणतात. पावसाळ्यात नदी फुगली की एका अरुंद तोंडातून पुराचं पाणी डाबरीत शिरायचं, दोन-चार दिवस धुमाकूळ घालायचं आणि गाळ टाकून माघारी जायचं. मागे कमरेएवढं पाणी उरायचं. त्यात नाळीची भाजी व्हायची, पांढरी कमळं यायची, पुराबरोबर चढून आलेले मासे अडकायचे. आणि मधोमध उभं राहायचं देवभात.

देवभात म्हणजे कुणीही न पेरलेलं भात. जव्हारच्या बाजारपेठेतल्या बायका ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, त्यांना ते एक दिवस लागतं. पाड्यावरच्या बायकांना वर्षभर लागतं. पाणी चढेल तसं ते उंच होतं, बुडत नाही. पण त्याला एक खोड आहे. पिकलं की दाणा लोंबीत टिकत नाही. सकाळी भरलेली लोंबी दुपारच्या वाऱ्यात रिकामी. म्हणून बायका ते पिकायच्या आधीच पाण्यात उतरतात, मूठभर लोंब्या एकत्र पिळतात आणि त्याच्याच पातीनं गाठ मारतात. कुसळांत कुसळं अडकून दाणा आतल्या आत पिकतो. आठेक दिवसांनी गाठ टोपलीत झाडायची. विळा लावायचा नाही. आणि ज्यानं गाठ मारली, भात त्याचं. डाबरीचा सातबारा कुणाच्या नावावर असेल तो असो, गाठीचा कायदा एवढाच.

ज्या वर्षी भुकेनं पोरं मेली म्हणून वावर-वांगणीची नावं पेपरात आली, त्या वर्षी चंद्रा वीस वर्षांची होती आणि तिची पहिली पोर सुनिता दीड वर्षाची. घरातली नागली होळीच्या आधीच संपली होती. मडक्यात राखलेल्या देवभाताच्या पेजेवर सुनितानं ते वर्ष काढलं. आज सुनिताला दोन पोरं आहेत. चंद्रा ही गोष्ट कधी सांगत नसे, पण देवभातावर कुणी उगाच पाय दिला तर समोर सरपंच आहे की सोयरा हे ती बघायची नाही.

मग एका आश्विनात परतीचा पाऊस आडवा झाला. गाठी मारून सहा दिवस झाले होते, अजून दोन दिवस मिळाले असते तर टोपल्या भरल्या असत्या. नदीनं ते दोन दिवस दिले नाहीत. पूर आला आणि सहा बायकांचं वर्षाचं भात गाठींसकट घेऊन गेला. शेजारची काळी, जिच्या नावावर इंचभर जमीन नाही आणि जिच्यामागे कुणी नाही, ती काठावर उभी राहून "गेलं" एवढंच म्हणाली. चंद्रा मात्र पेटली. पुढच्या ग्रामसभेत ती उभी राहिली आणि बसायलाच तयार होईना.

"उनाड ढोर घरात शिरतं तर आपण कवाड लावतो ना? मंग नदीच्या तोंडाला बांध घाला. आम्ही पोरासारखं जपायचं आन् तिनं एका दिवसात न्यायचं, हे कुठवर?"

रोजगार हमीतून काम मंजूर झालं. पहिला दगड चंद्रानं वाहिला, बहुतेक शेवटचाही. होळीच्या आधी डोक्याएवढ्या उंचीचा दगडमातीचा बांध डाबरीच्या तोंडात उभा राहिला.

पहिल्या वर्षी चंद्राची मान ताठ. नदी बांधाबाहेरून गुरगुरत गेली, डाबरीत पावसाचं शांत पाणी साठलं, आणि देवभात असं आलं की टोपल्या कमी पडल्या. बायका म्हणाल्या, चंद्रे, तू खरी. दुसऱ्या वर्षी कडेनं पाणकणीस जरा जास्त दिसलं, पण त्याकडे कोण बघतो? तिसऱ्या वर्षी डाबरीच्या अर्ध्या भागात पाणकणीस आणि लव्हाळा, मधे देवभाताचा एक पट्टा. चौथ्या वर्षी तो पट्टाही गेला. मासे गेले, कमळं गेली, पाणी तांबूस होऊन वास मारायला लागलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. पण दोष बांधाचा आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, चंद्राच्या तर नाहीच. तिला वाटलं, पाणकणसानं देवभात खाल्लं. म्हणून ती उपटत होती.

याच मधल्या काळात तिचा धाकटा, जगन, घरी आला. आठ वर्षं तो भिवंडीला गोदामात माल चढवत-उतरवत होता. होळीला आला तेव्हा त्यानं पाहिलं की डाबरीची पाड्याकडची कड सुकली आहे, गाळ काळा आहे, आणि पूर आता येतच नाही. "हितं खाचर होईल, आये," तो म्हणाला, आणि परत गेलाच नाही. बैल त्या चिखलात पोटापर्यंत रुतले असते, म्हणून त्यानं कुदळ घेतली. दोन उन्हाळे खपून त्यानं पाणकणीस मुळासकट काढलं, चिखल खालवर केला, कडेनं बारीक बांध घातले आणि भाताचं खाचर उभं केलं. त्याची बायको कविता लग्नानंतर पहिल्यांदाच वर्षभर सासरी राहिली. संध्याकाळी चार ताटं वाढताना चंद्राला इतकं बरं वाटायचं की ती उगाच कुणावर तरी ओरडायची.

असं सगळं असताना एका भाद्रपदात तिची शेळी बांध ओलांडून नदीच्या अंगाला उतरली. चंद्रा शिव्या देत मागोमाग गेली. तिथं खडकांच्या आडोशाला, पुराचं पाणी शिरून ओसरतं अशी ओट्याएवढी जागा होती. गाळ ताजा, मऊ, पाणकणसाचं नाव नाही. आणि त्यात देवभाताची बारा-पंधरा ताटं उभी होती, लोंबीवर आलेली.

शेळी कुठं गेली ते चंद्रानं पाहिलं नाही. ती खडकावर टेकली. नदीच्या बाजूला देवभात, आपल्या बाजूला पाणकणीस, आणि मधे आपला बांध. तिला शाळा नव्हती, पण हे कळायला शाळा लागत नाही. दरसाल पूर येऊन पाणकणसाची मुळं उपटायचा, जुनं कुजकं वाहून न्यायचा, वर नवा गाळ टाकायचा. त्या मोकळ्या झालेल्या जागेत देवभात यायचं. पाच-दहा वर्षांतून एकदा त्यानं पीकही नेलं, तर ती त्याची मजुरी होती. आणि आपण मजुरालाच हाकलून दिलं.

तिथून तिची खरी घालमेल सुरू झाली. बांध काढावा तर जगनचं खाचर बुडणार. ठेवावा तर देवभात कायमचं गेलं. ती भाकर थापायची अर्धी टाकून बांधाकडे जायची, दगडाला हात लावायची, परत यायची. त्या दिवाळीनंतर काळी वीटभट्टीवर गेली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा. जाताना चंद्राच्या दारात येऊन "कोंबड्यांकडं बघ गं" म्हणाली. बोल लावला नाही. लावला असता तर चंद्रानं भांडून मन मोकळं केलं असतं. न बोलणाऱ्या माणसाशी भांडावं तरी कसं?

उन्हाळ्यात एकदा जेवताना तिनं सांगून टाकलं. "बांध काढावा लागंल."

जगनचा हात ताटात थांबला. "आन् माझं खाचर?"

"दुसरीकडं बघू."

"दुसरीकडं कुठं? उतारावर नागलीचा तुकडा, तो बा आन् काका दोघांत. मी काय हवेत पेरू?"

"देवभात सहा घरांचं व्हतं, जगन. काळी भट्टीवर गेली."

"मी पण भिवंडीला गेल्यातलाच हाय की," जगन म्हणाला. "तवा नाय कोणाला वाईट वाटलं."

माघ्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाला, "जेवा आधी." त्या घरात भांडण मिटवायची त्याची तेवढीच रीत होती.

आषाढात जगननं लावणी केली. श्रावणात तीन दिवस पाऊस धरला आणि चौथ्या दिवशी सकाळी नदी बांधाच्या कडेला येऊन उभी राहिली, वरच्या दगडापासून वीतभर खाली. चंद्रा पोहोचली तेव्हा जगन आधीच तिथं होता. मातीच्या गोण्या आणि दगड रचून तो बांध उंच करत होता. चंद्रानं काही विचारलं नाही. ती दुसऱ्या टोकाला गेली आणि वरचे दगड काढून खाली टाकायला लागली.

थोडा वेळ असंच चाललं. एका टोकाला पोरगा रचतोय, दुसऱ्या टोकाला आई काढतेय, आणि दोघांच्या मधून पाऊस. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. जगन आधी थांबला. तो बांधावरून चालत तिच्यापाशी आला.

"आये, ते भात माझं हाय."

"हाय. तुझंच हाय."

"मंग?"

"बांध माझा हाय."

जगन पाण्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या पाठीमागे खाचरात भात घोट्याच्या वर आलं होतं, गडद हिरवं, चांगलं. चंद्रालाही ते चांगलंच दिसत होतं, तेच तर दुखत होतं.

"काढ," तो शेवटी म्हणाला. "मी अडवणार नाय. पण मी हितं राहणार बी नाय."

"राहशील तर बरं होईल, बाळा."

चंद्रा दगडावर हात ठेवून उभी राहिली, एवढी उभी राहिली की पाणी तिच्या बोटांपर्यंत आलं. आयुष्यात तिनं पुष्कळ अवघड कामं केली होती, पण प्रत्येक काम कुणासाठी तरी केलं होतं. हे एकच काम असं, की ज्यासाठी करायचं ते आणि ज्याच्याविरुद्ध करायचं ते, दोन्ही आपलंच. मग तिनं दगड ओढला. एकाच्या जागी पाणी शिरलं, पाण्यानं दुसरा ढिला केला, आणि पुढचं काम नदीनं स्वतःच हातात घेतलं. पायाखालचा बांध हलला तेव्हा जगननं तिचा दंड धरून तिला काठावर खेचलं. दंडावर त्याची बोटं आठ दिवस निळी उमटलेली होती.

पाणी ओसरल्यावर ग्रामसेवक आला. बांध पुरात वाहून गेला असं त्यानं पंचनाम्यात लिहिलं आणि पाड्यानं सह्या-अंगठे दिले. ते काही अगदी खोटं नव्हतं. जगनच्या खाचराचा मागमूस उरला नव्हता. तो आणि कविता पोळ्यापर्यंतही थांबले नाहीत. एसटीत चढताना तो आईच्या पाया पडला, बोलला मात्र नाही. चंद्रा घरी आली आणि दोन ताटं मांडून रडली. आपलं चुकलं की बरोबर, हे तिला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याच्यासाठी रडणं लवकर थांबत नाही.

पुढच्या श्रावणात पूर पुन्हा आला, यावेळी मोकळ्या तोंडानं. चंद्रा दर दोन दिवसांनी डाबरीवर जाऊन बघायची. तोंडाजवळचं पाणकणीस निघालं होतं, पण मधलं तसंच उभं. पाच वर्षं रुजलेली मुळं एका-दोन पुरांना थोडीच दाद देणार? तिचा धीर सुटत चालला होता. वाटलं, पोरगाही गेला आणि भातही.

भाद्रपदात एका सकाळी तिनं पाड्याकडच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, बारीक लांब पाती वर आलेल्या पाहिल्या. ती साडीसकट आत उतरली. पात ओळखीची होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर जगनच्या खाचराएवढ्या जागेत, देवभात उभं होतं. दुसरीकडे कुठंच नाही. बी सगळ्या डाबरीच्या चिखलात निजलेलं असणार. पण पाणकणीस मुळापासून काढून चिखल खालवर केला होता तो फक्त जगननं. पुरानं पाणी आणि गाळ आणला, जागा पोरानं करून ठेवली होती.

पाड्यावर आधी वाद झाला. कुदळीनं कसलेल्या जागेतलं भात देवाला चालतं का? वीटभट्टीवरून परत आलेल्या काळीनं तो एका वाक्यात मिटवला. "बैल कुठं व्हता तिथं? जगनच व्हता बैल." बायका हसल्या आणि वाटण्या ठरल्या. पाच पट्टे पाच घरांना, कडेचा एक चंद्राला. आश्विन लागला तसं पाच जणींनी आपापल्या गाठी मारल्या. चंद्रानं आपल्या पट्ट्यातली पहिली मूठ धरली आणि सोडून दिली. घरी येऊन तिनं माघ्याकडून जगनला फोन लावून घेतला.

"तुझ्या खाचरात देवभात आलंय," ती म्हणाली. "एक पट्टा आपला हाय. उद्या गाठी मारते, तुला पाठवीन."

पलीकडे ट्रकचा आवाज, माणसांची हिंदी.

"माझ्या खाचरात?"

"बरोबर तुझ्याच."

"मंग गाठी मारू नको," तो म्हणाला. "मी येतो. बुधवारी."

बुधवारी एसटी आली, जगन आला नाही. गाडी भरायची राहिली असेल, शेठनं सोडलं नसेल, फोन लागत नव्हता. गुरुवारी वारा सुटला. चंद्रा काठावर बसून होती. शेजारच्या पाच पट्ट्यांत गाठी घट्ट होत्या आणि तिच्या पट्ट्यातली वरची लोंबी हलली की दाणे पाण्यात पडायचे. काळी ओरडली, "अगं बांध की, डोळ्यांदेखत चाललंय!" चंद्रा म्हणाली, "ज्याचं हाय त्याला बांधू दे." तिचे हात मांडीवर नुसते वळवळत होते. दोन-तीनदा ती उठली, गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली आणि माघारी येऊन पुन्हा बसली. माघ्या बिडी विझवून तिच्या शेजारी येऊन बसला. शुक्रवारी सकाळपर्यंत तळाशी इतके दाणे पडले होते की बदकं येऊन डोकी खुपसत होती.

दुपारच्या गाडीनं जगन आला. घरी न जाता पाठीवरच्या पिशवीसकट थेट डाबरीवर. पिशवी त्यानं माघ्याकडे फेकली, बूट काढले आणि पँटीसकट पाण्यात उतरला. लोंब्या हातात घेऊन त्यानं बघितल्या.

"किती राहिलंय?"

"निम्मं," चंद्रा म्हणाली. "त्याच्यापेक्षा कमीच."

"मंग तू बांधलंस का नाय?"

"तू येतो म्हणलास ना."

जगननं उरलेल्या लोंब्यांतली पहिली मूठ धरली आणि विचारलं, "गाठ कशी मारायची, दाखव."